वेठीचे नाव, आवडीचे काम

गेल्या वर्षी आगमनकाळाच्या एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक माता आम्हांस भेटावयास आली. तिची तक्रार साधी होती. थोरला मुलगा महाविद्यालयात शिकतो. परंतु दोन वर्षे झाली, सुट्टीचा प्रत्येक तास तो घराच्या पडवीत घालवतो. प्लायवूडचे तुकडे, पुठ्ठा, प्लास्टिकचे पाइप, भंगारातील मोटर आणि तारांचा गुंता असा पसारा मांडून तो एका इंग्रजी चित्रपटातील यंत्रमानवाची पूर्ण आकाराची, हुबेहूब प्रतिकृती घडवीत आहे. घुमटाकार डोक्यासाठी त्याने लग्नकार्याचा मोठा टोपही पडवीत नेऊन पालथा घातला होता, आणि आईच्या रागाचे निम्मे कारण आम्हांस तेथेच समजले.

"फादर," ती म्हणाली, "विकायचा नाही, कुणाला लागत नाही, परीक्षेत त्याचे गुण मिळत नाहीत. मग ही वेठ कशाला? तुम्हीच सांगा त्याला दोन शब्द."

दोन शब्द सांगण्यापूर्वी विषय समजून घ्यावा, म्हणून आम्ही काही दिवसांची मुदत मागून घेतली. जे वाचावयास मिळाले ते एका मुलाला सांगून संपण्यासारखे नव्हते. म्हणून ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्या मातेने रागाच्या भरात उच्चारलेला 'वेठ' हा शब्द ह्या संपूर्ण इतिहासाची किल्लीच आहे, हे तिला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्हांसही नव्हते.

शब्दाचा जन्म

'रोबोट' हा शब्द जगाला चेक भाषेने दिला. कारेल चापेक ह्या चेक साहित्यिकाचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगमंचावर आले. त्या नाटकातील एक कारखाना कृत्रिम कामगार तयार करून जगभर विकतो. ह्या कामगारांना नाव काय द्यावे, हे लेखकाला सुचेना. लॅटिनवरून घडवलेला एक शब्द त्याच्या मनात होता, परंतु तो फार पुस्तकी वाटत होता. त्याचा भाऊ योसेफ चित्रकार होता. चित्र रंगवीत असताना, तोंडात कुंचला तसाच धरून, त्याने 'रोबोट' हे नाव सुचवले, अशी आठवण कारेल चापेक याने पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने ठरावीक दिवस करावयाचे सक्तीचे, बिनमोबदल्याचे काम. हॅब्सबर्ग साम्राज्यात ही पद्धत १८४८ साली कायद्याने बंद झाली, पण शब्द लोकांच्या तोंडी राहिला. मराठीत ह्याला नेमका प्रतिशब्द आहे, तो म्हणजे वेठ. रोबोट म्हणजे वेठीला धरलेला जीव.

नाटकातील हे कामगार पत्र्याचे नाहीत. ते मांसासारख्या एका कृत्रिम द्रव्यापासून घडवलेले, माणसासारखेच दिसणारे आहेत. एके दिवशी ते बंड करतात आणि मानवजातीचा संहार करतात. केवळ एका माणसाला ते जिवंत सोडतात. तो म्हणजे आल्क्विस्ट हा बांधकाम करणारा वृद्ध. त्याला सोडण्याचे कारण, तो त्यांच्याप्रमाणेच स्वतःच्या हातांनी काम करतो. नाटकाच्या शेवटी आल्क्विस्टला दोन रोबोट असे भेटतात की त्यांतील प्रत्येक जण दुसऱ्यासाठी मरावयास तयार आहे. तेव्हा तो त्यांना नवे आदाम आणि एवा मानून निरोप देतो.

वेठीतून प्रेमाकडे जाणारा हा रस्ता चापेक याने शंभर वर्षांपूर्वी दाखवला. पुढे यंत्रमानव रंगभूमीवरून चित्रपटात आणि चित्रपटातून घरोघरच्या पडवीत आला. त्या प्रवासात हा रस्ता पुन्हा पुन्हा दिसतो.

राजाचा नवस

शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. चावी दिल्यावर हालचाल करणाऱ्या मानवी आकृती युरोपातील घड्याळजी कित्येक शतके घडवीत आले आहेत. त्यांपैकी एक आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात लाकूड व लोखंड यांची, सुमारे ४० सेंटिमीटर उंचीची, सोळाव्या शतकातील एका मठवासीयाची आकृती आहे. चावी दिली की तो चालू लागतो, उजव्या हाताने ऊर बडवतो, डाव्या हातातील क्रूस व जपमाळ वरखाली करतो, क्रूस ओठांशी नेतो, आणि ओठ हलवून जणू प्रार्थना पुटपुटतो.

ही आकृती स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या दरबारातील घड्याळजी हुआनेलो तुरियानो याची असावी, असे परंपरा सांगते. १५६२ साली राजपुत्र दोन कार्लोस अल्काला येथे जिन्यावरून पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर जखम झाली. वैद्य हतबल झाले तेव्हा त्या नगरातील फ्रान्सिस्कन बंधू दिएगो यांचे पार्थिव अवशेष राजपुत्राच्या शय्येपाशी आणण्यात आले. राजपुत्र बरा झाला. बंधू दिएगो यांना १५८८ साली संतपद मिळाले. राजाने केलेल्या नवसाची फेड म्हणून हा यांत्रिक मठवासी घडवला गेला, अशी ती कथा आहे.

कथेचा ऐतिहासिक आधार किती भक्कम, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक विचार मनात येतोच. त्या लाकडी ओठांची प्रार्थना ही प्रार्थना नव्हे. तिच्यात इच्छा नाही, नकार देण्याची मोकळीक नाही. ती निव्वळ वेठ आहे. त्या आकृतीत खरोखर प्रार्थना कोठे असेल, तर ती घडवणाऱ्याच्या हातांत. पोटातील प्रत्येक दाता कानशीने घासताना त्याने दिलेल्या वेळात ती असू शकते. यंत्राची किंमत करताना यंत्र काय करते एवढेच पाहून भागत नाही. ते घडवणाऱ्याचे काय झाले, हेही पाहावे लागते.

एरिकचे भाषण

घरगुती छंद म्हणून यंत्रमानव घडवण्याची गोष्ट लंडनच्या एका प्रदर्शनापासून सांगता येईल. १९२८ च्या सप्टेंबरात तेथील रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये मॉडेल इंजिनिअर्स मंडळींचे प्रदर्शन भरणार होते. ही मंडळी म्हणजे फावल्या वेळात घरी छोटी वाफेची इंजिने, छोटी जहाजे, छोट्या आगगाड्या बनवणारे हौशी लोक. उद्घाटनाला यॉर्कचे ड्यूक येणार होते. त्यांचे येणे रहित झाले. प्रदर्शनाचे चिटणीस कॅप्टन डब्ल्यू. एच. रिचर्ड्स यांनी ठरवले, की माणूस मिळत नाही तर माणूस घडवू. ॲलन रेफेल ह्या कारागिराच्या साहाय्याने त्यांनी ॲल्युमिनिअमचा एक यंत्रमानव तयार केला आणि त्याचे नाव एरिक ठेवले.

एरिक मध्ययुगीन चिलखत घातलेल्या सरदारासारखा दिसे. त्याचे पाय एका पेटीला बोल्टने पक्के केलेले होते आणि त्या पेटीत बारा व्होल्टची मोटर होती. शरीरात विद्युतचुंबक, दोऱ्या व कप्प्या होत्या. उद्घाटनाच्या दिवशी तो उभा राहिला, त्याने कमरेत वाकून अभिवादन केले, डावी-उजवीकडे पाहिले आणि चार मिनिटे भाषण केले. बोलताना त्याच्या दातांतून निळ्या ठिणग्या उडत. त्याच्या छातीवर तीन अक्षरे कोरलेली होती: आर. यू. आर. चापेकच्या नाटकाला तेव्हा आठ वर्षेही पूर्ण झाली नव्हती, आणि वेठीचे ते नाव एका हौशी कामाच्या छातीवर मानाने मिरवत होते.

एरिक पुढे अमेरिकेलाही जाऊन आला. त्यानंतर तो कोठे गेला, हे कोणालाच ठाऊक नाही; बहुधा त्याचे सुटे भाग करून दुसऱ्या कामाला वापरले गेले असावेत. तथापि गोष्ट तेथे संपली नाही. २०१६ साली लंडनच्या सायन्स म्युझियमने एरिकला पुन्हा घडवण्यासाठी लोकांकडे वर्गणी मागितली. ५०,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. जुनी छायाचित्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि चित्रे यांच्या आधारे जाइल्स वॉकर ह्या कलावंताने पूर्ण आकाराची प्रतिकृती तयार केली. त्याच वर्षी ती लोकांसमोर उभी राहिली.

नव्वद वर्षांपूर्वीच्या एका पत्र्याच्या बाहुल्यासाठी लोकांनी पैसे का द्यावेत? आमच्या मते त्याचे कारण असे, की हरवलेली वस्तू पुन्हा घडवली की ती प्रथम घडवणाऱ्याचे हातही पुन्हा समजतात. दोरी येथूनच का नेली, कप्पी तेथेच का लावली, ह्या प्रश्नांची उत्तरे नुसत्या छायाचित्राकडे पाहून मिळत नाहीत. ती कामाला लागल्यावरच मिळतात.

पंचेचाळीस वर्षांची झोप

ह्याची दुसरी साक्ष टोनी सेल ह्या इंग्रज गृहस्थांच्या आयुष्यात मिळते. त्यांना लहानपणापासून एकच वेड होते. मेकॅनोच्या पट्ट्यांपासून त्यांनी शाळकरी वयात 'जॉर्ज' नावाचा यंत्रमानव बनवला आणि मग मोठे होत गेले तसे एकामागून एक अधिक मोठे जॉर्ज बनवले. १९५० च्या सुमारास, ब्रिटिश हवाई दलात असताना, त्यांनी कोसळलेल्या वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानाच्या पत्र्यातून सुमारे सहा फूट उंचीचा जॉर्ज उभा केला. खर्च आला १५ पौंड. तेव्हा त्यांचे वय १९ वर्षांच्या आसपास होते. आमच्या पडवीतल्या मुलाचे वय तेवढेच आहे.

पुढे नोकरी आली, संसार आला आणि जॉर्ज गॅरेजमध्ये जाऊन पडला. तो तेथे ४५ वर्षे होता. २०१० साली वृद्ध टोनी सेल यांनी त्याला बाहेर काढले, सांध्यांना तेल दिले, पायांत नव्या बॅटऱ्या बसवल्या आणि कळ दाबली. जॉर्ज चालू लागला. सेल यांनी तो ब्लेचली पार्क येथील संगणकांच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकला. पुढील वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, त्यांचे निधन झाले.

मधल्या काळात त्यांनी काय केले, ते महत्त्वाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनापतींचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी ब्लेचली पार्क येथे 'कोलोसस' नावाचे प्रचंड विद्युत्-यंत्र वापरले जात होते. युद्धानंतर गुप्ततेच्या कारणास्तव बहुतेक यंत्रे मोडून टाकण्यात आली आणि आराखडे जाळण्यात आले. १९९३ साली सेल यांनी हे यंत्र पुन्हा बांधावयास घेतले. हाताशी होती १९४५ सालची आठ छायाचित्रे, काही अभियंत्यांनी जपून ठेवलेले आराखड्यांचे तुकडे आणि वृद्ध झालेल्या अभियंत्यांच्या आठवणी. सहकाऱ्यांसह १४ वर्षे खपून २००७ साली त्यांनी पूर्ण आकाराचा, चालणारा कोलोसस उभा केला. ज्या स्त्री-पुरुषांनी युद्धकाळात तेथे काम केले आणि गुप्ततेच्या शपथेमुळे कित्येक दशके आपल्या मुलाबाळांनाही त्याविषयी सांगितले नाही, त्यांचे काम जगाला दिसू लागले.

भंगारातून खेळणे करणारा एक मुलगा म्हातारपणी इतिहासाचा एक जळालेला अध्याय परत लिहितो. त्याच्या आईनेही कधीतरी कोणाकडे तक्रार केली असेल काय, असा प्रश्न आमच्या मनात आला.

सहा वर्षांच्या मुलाएवढा

आता आपण त्या मुलाच्या पडवीतील यंत्राकडे येऊ. मे १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यातील आर-टू-डी-टू हा यंत्रसेवक चेहऱ्याने मुळीच माणसासारखा नाही. तो म्हणजे घुमटाकार डोक्याचे, निळ्या-पांढऱ्या रंगाचे एक पिंप; दोन बाजूंना दोन पाय आणि चालताना पोटातून बाहेर येणारा तिसरा. त्याला शब्द नाहीत, नुसत्या शिट्ट्या आहेत. उंची सुमारे ११० सेंटिमीटर, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी. त्याचे रूप राल्फ मक्वारी ह्या चित्रकाराने कल्पिले. अनेक दृश्यांत केनी बेकर हे ११२ सेंटिमीटर उंचीचे इंग्रज कलाकार त्या पिंपात बसून ते हलवीत. त्यांचे निधन १३ ऑगस्ट २०१६ रोजी झाले. ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रण झाले तेव्हा रेडिओवर चालणारे यंत्र इतके बिघडे, की चार पावले नीट टाकली तरी मंडळींना समाधान वाटे.

चित्रपटवाल्यांना जे दोन-चार क्षणांपुरते साधायचे होते, ते कायमचे साधावयाचे, हा ध्यास पुढे जगभरच्या हौशी कारागिरांनी घेतला. १९९९ साली ऑस्ट्रेलियातील डेव्ह एव्हरेट यांच्या पुढाकाराने आर-टू बांधणाऱ्यांचा एक संघ सुरू झाला. हळूहळू निरनिराळ्या देशांतील शिक्षक, सुतार, अभियंते, निवृत्त माणसे, बापलेक त्यात आले. कोणी मूळ यंत्रांची मापे मिळवली, कोणी त्यांवरून आराखडे काढले आणि ते सर्वांना वाटले. एकट्याने घरी करता येत नाहीत असे भाग, उदाहरणार्थ ॲल्युमिनिअमचा पत्रा फिरत्या साच्यावर दाबून करावयाचा घुमट, हे दहा-वीस जणांनी मिळून एकदम करून घ्यावयाचे आणि झालेला खर्च वाटून घ्यावयाचा, अशी रीत पडली. नफ्यासाठी विक्री करावयाची नाही, हे पथ्य ठरले. चित्रपटाच्या मालकांनीही ह्या पथ्यामुळे हौशी मंडळींना मोकळीक दिली.

काम किती चिकाटीचे आहे, ह्याची थोडी कल्पना द्यावीशी वाटते. पिंपाचा व्यास सुमारे ४६ सेंटिमीटर. सांगाडा प्लायवूडच्या कड्यांचा किंवा ॲल्युमिनिअमचा. वर प्लास्टिकचा किंवा धातूचा पातळ पत्रा. प्रत्येक पायाच्या पावलात मोटर असते. दोन्ही मोटरी सारख्या वेगाने फिरल्या की यंत्र सरळ जाते. एक मंद केली की त्या बाजूला वळते. डोके फिरवावयास तिसरी मोटर. बॅटरी जड असते, म्हणून ती तळाशी ठेवावी लागते. नाही तर यंत्र अडखळून तोंडावर पडते. दोन पायांवरून तीन पायांवर येण्याची क्रिया तर अनुभवी माणसालाही घाम फोडते. नुसत्या निळ्या रंगाच्या छटेवरही ह्या मंडळींत वर्षानुवर्षे चर्चा चालली, कारण पडद्यावर तो रंग प्रत्येक प्रकाशात वेगळा दिसतो. अंतराळातील काही दृश्यांत तर यंत्राचे निळे भाग काळे दिसतात. ती दृश्ये निळ्या पडद्यासमोर चित्रित केली होती आणि निळा भाग पडद्यात विरून गेला असता. एक यंत्र पूर्ण व्हावयास बहुधा काही वर्षे लागतात आणि धातूचे असेल तर खर्च काही हजार डॉलरांवर जातो. अलीकडे त्रिमितीय छपाईची यंत्रे स्वस्त झाल्यामुळे प्लास्टिकचे भाग घरीच छापता येतात आणि खर्च बराच उतरला आहे.

ह्या हौशी लोकांच्या हाताची कसोटी २०१३ साली लागली. त्या वर्षी जुलैमध्ये जर्मनीतील एसेन येथे चाहत्यांचा मेळावा होता. तेथे चित्रपट-कंपनीच्या प्रमुख कॅथलीन केनेडी हौशी मंडळींची यंत्रे पाहावयास आल्या. ली टाउझी आणि ऑलिव्हर स्टीपल्स ह्या दोन इंग्रज कारागिरांनी त्यांना सांगितले, की गरज पडली तर आम्ही आहोत. काही काळाने त्यांना खरोखरच बोलावणे आले. डिसेंबर २०१५ मध्ये प्रदर्शित झालेल्या सातव्या चित्रपटातील यंत्रे त्यांच्या हातून गेली. नक्कल करता करता जी विद्या आली, ती मूळ वस्तू घडवण्याच्या योग्यतेची ठरली.

गुलाबी यंत्र

ही इतिहासाची कारागिरीची बाजू झाली. दुसरी बाजू एका लहान मुलीची आहे, आणि आमच्या मनाला ती अधिक भिडली.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात केटी नावाची बालिका होती. तिचे वडील ह्याच चित्रपटांतील सैनिकांचे पोशाख घरी बनवून घालणाऱ्या एका मोठ्या हौशी संघाचे संस्थापक. केटीच्या मेंदूत कर्करोगाची गाठ निघाली. उपचारांनी ती बरी होणार नाही, हे स्पष्ट झाले. २००२ च्या चित्रपटात आर-टू एका झोपलेल्या माजी राणीच्या खोलीत पहारा देतो. केटीच्या बहिणीने ते पाहिले होते. केटीच्या उशाशीही असाच एक पहारेकरी असावा, असे तिच्या मनात आले. आणि केटीला गुलाबी रंग आवडे, म्हणून तो गुलाबी असावा.

ही गोष्ट आर-टू बांधणाऱ्यांच्या कानी गेली. ज्या कामाला वर्षे लागतात, त्याला त्या मुलीजवळ वर्षे नव्हती. संघातील लोकांनी आपापले सुटे भाग देऊ केले, आणि कोणी घाईने एक यंत्र गुलाबी रंगवून तिच्या घरी पोहोचते केले. केटीने त्याला मिठी मारली. ऑगस्ट २००५ मध्ये, सात वर्षांची असताना, ती देवाघरी गेली. तिच्यासाठी हाती घेतलेले पूर्ण यंत्र पुढील वर्षी, २००६ च्या जुलैत, तयार झाले. त्याचे नाव आर-टू-के-टी. ते लहान मुलांच्या रुग्णालयांत आणि मदतनिधीच्या कार्यक्रमांत नेण्यात येऊ लागले. २०१५ च्या चित्रपटातही ते क्षणभर दिसते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढ्या उंचीचे यंत्र असण्याचे महत्त्व येथे कळते. पलंगावरच्या मुलाला ते वरून पाहत नाही. पूर्ण आकार हा हौशी कारागिरांचा हट्ट आम्हांस प्रथम पोकळ वाटला होता. परंतु टेबलावर ठेवण्याच्या खेळण्याला मिठी मारता येत नाही, आणि उशाशी पहारा देणारा पहारेकरी वीतभर उंचीचा असून चालत नाही.

ज्यांनी ते यंत्र घडवले त्यांच्यापैकी कोणाला मोबदला मिळाला नाही, कोणी त्यांना सक्ती केली नाही. मोबदल्याशिवाय करावयाचे काम म्हणजे वेठ, असे आपण सहज म्हणतो. परंतु वेठीत मोबदला नसतो तशी मोकळीकही नसते. मोकळीक असली की तेच बिनमोबदल्याचे काम सेवा होते. कष्ट तेच, हात तेच, घामही तोच.

पवईची शालू

ही सारी परदेशची उदाहरणे झाली, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या जवळचे एक सांगतो. मुंबईत पवईच्या आयआयटीच्या आवारातील केंद्रीय विद्यालयात संगणकशास्त्र शिकवणारे दिनेश पटेल यांनी घरीच एक स्त्रीरूप यंत्रमानव बनवला आणि तिचे नाव 'शालू' ठेवले. २०२१ च्या मार्च महिन्यात वृत्तपत्रांनी तिची बातमी दिली. २०१० सालचा 'रोबोट' हा रजनीकांत यांचा चित्रपट पाहून त्यांना ही प्रेरणा झाली, आणि हाँगकाँगच्या एका कंपनीने घडवलेली 'सोफिया' त्यांच्या डोळ्यांपुढे होती. परंतु साहित्य आणले ते जवळच्या बाजारातले व टाकाऊतले: प्लास्टिक, पुठ्ठा, लाकूड, ॲल्युमिनिअम. तीन वर्षे लागली आणि सुमारे ५०,००० रुपये खर्च आला. शालू मराठीसह नऊ भारतीय भाषांत आणि अनेक परदेशी भाषांत बोलते, हस्तांदोलन करते, प्रश्नांची उत्तरे देते. वर्गात शिकवण्याच्या कामी तिचा उपयोग व्हावा, अशी त्या शिक्षकांची इच्छा होती.

मोठ्या कंपनीने प्रयोगशाळेत केलेली गोष्ट एक शिक्षक आपल्या घरात पुठ्ठ्यात करून पाहतो, तेव्हा त्याचे विद्यार्थी काय शिकतात? प्रोग्रॅमिंग तर शिकतातच. शिवाय, बंद पेटीतील वस्तू उघडून पाहता येते आणि आपल्या हातांनी पुन्हा घडवता येते, हेही शिकतात. आज आपल्या घरांतील बहुतेक वस्तू अशा झाल्या आहेत की त्या बिघडल्या की आपण फेकून देतो. आमच्या आजोबांच्या पिढीतील माणूस रहाटाचा दाता मोडला तर स्वतः नवा बसवी. त्या पिढीचे हात ह्या मुलांत पुन्हा जागे होत आहेत, असे आम्हांस वाटते.

मातेला उत्तर

आता त्या मातेचा प्रश्न उरतो, आणि तो सोडून देण्यासारखा नाही. छंद माणसाला घरातल्या माणसांपासून तोडूही शकतो. रात्रीचे दोन वाजेपर्यंत दिवा जळतो, जेवण गार होते, अभ्यास मागे पडतो, घरखर्चातील पैसे मोटरींवर जातात. जे काम मोकळेपणाने सुरू झाले, त्याचीच माणसाला वेठ लागते. यंत्र पूर्ण करण्याच्या नादात माणूस स्वतःच यंत्र होतो, चावी दिलेल्या त्या मठवासीयासारखा गोल गोल फिरत राहतो. चापेकच्या नाटकाचा इशारा घरातल्या पडवीलाही लागू आहे.

म्हणून आम्ही त्या मुलाला बोलावून दोन प्रश्न विचारले. पहिला: आठ दिवस हे काम बाजूला ठेवावयास सांगितले, तर ठेवू शकशील काय? दुसरा: पूर्ण झाल्यावर हे कोणासाठी? पहिल्याला त्याने थोडा विचार करून होय म्हटले, आणि परीक्षेपर्यंत तो दिलेला शब्द पाळला. दुसऱ्याला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्याला केटीची गोष्ट सांगितली आणि आणखी काही बोललो नाही. नासरेथच्या सुताराच्या घरी कामाचे तास आणि घरचे तास कसे वाटले जात असतील, ह्याचा विचार मात्र आम्ही त्याच्याबरोबर थोडा वेळ केला.

नाताळच्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. यंत्र ओटीवर आणून ठेवले होते. शेजारची लहान मुले त्याच्या भोवती जमली होती. एक मुलगी त्याच्या घुमटावर गाल टेकवून उभी होती. ते चालत नव्हते. डावा पाय ओढला जात होता, म्हणून मुलाने मोटर बंद ठेवली होती. त्याचे वडील, जे ह्या पसाऱ्याकडे दोन वर्षे पाहतही नव्हते, ते चष्मा लावून जमिनीवर बसले होते आणि पावलातला स्क्रू सैल करून पाहत होते.

आईने आम्हांस कुसवार आणून दिला. डोक्याच्या जागी आता प्लास्टिकचा घुमट होता. "टोप परत मिळाला, फादर," ती म्हणाली, आणि मग आवाज थोडा उतरवून तिने विचारले, "तो पाय नीट होईल ना?"